सायकलीवरून वाचलेलं गाव

बदलीच्या नोकरीवाल्याशी लग्न झालेल्या बाईला एक गोष्ट लवकर कळते. गावं कितीही बदलली तरी तिच्या वाट्याला रस्ते चारच येतात. घर ते मंडई, घर ते मुलांची शाळा, घर ते देऊळ आणि घर ते एस. टी. स्टँड. तीन वर्षं काढून पुन्हा सामानाची बांधाबांध सुरू झाली, की कुणीतरी विचारतं, ‘‘काय हो, कसं होतं गाव?’’ त्यावर आपण सांगतो, ‘‘भाजी ताजी मिळायची, पाण्याची मात्र ओरड.’’ झालं! तीन वर्षांचा हिशेब दोन वाक्यांत संपतो. गावात राहून गाव पाहिलेलं नसतंच.

ह्यांची बदली करमाळ्याला झाली, तेव्हा आमच्या जाऊबाई म्हणाल्या, ‘‘अगंबाई, तिकडे म्हणजे वाळवंटच की!’’ वाळवंट काही नाही हे. पण त्यांचं अगदीच चुकलंही नव्हतं. करमाळा हे सोलापूर जिल्ह्याचं उत्तरेकडचं टोक. तालुक्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला सीना, आणि मधे हा उघडा माळ. पाऊस सरासरीने पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही येईल तेव्हा खरा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा गावात ‘बघण्यासारखं’ काय असणार, असं कुणालाही वाटेल.

पण मुलीची सायकल घरात होती. ती कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. तिच्यात हवा भरली, साखळीला तेल दिलं आणि रोज सकाळी तासभर गाव फिरायचं ठरवलं. ना ओळख, ना पाळख. मग सोबत कुणाची? तर पाट्यांची. रस्त्यांच्या पाट्या, दुकानांच्या पाट्या, दारांवरच्या पाट्या, मैलाचे दगड, भिंतींवरच्या जाहिराती. महिनाभरात लक्षात आलं, की परक्या गावाची ओळख करून द्यायला या पाट्यांइतकं प्रामाणिक कुणी नाही. त्या जे सांगतात ते तर कळतंच. पण त्या काय सांगत नाहीत, तेही कळतं. आणि ते जास्त महत्त्वाचं.

सायकलच का?

चालत गेलं तर दोन गल्ल्या होतात आणि तेवढ्यात दुधाची वेळ होते. स्कूटरवर गेलं तर लक्ष रस्त्यातल्या खड्ड्यांवर. पाटी दिसते, वाचून होत नाही. सायकलीचा वेग मात्र वाचण्याच्या वेगाशी अगदी जुळतो. वाटलं तर पाय टेकून उभं राहता येतं. आणि गंमत म्हणजे सायकलवरच्या बाईशी लोक बोलतात. गाडीतल्या बाईला वाट देतात. सायकलवरच्या बाईला विचारतात, ‘‘कुठं निघाला वैनी सकाळच्या पारी?’’

चाळिशीच्या पुढच्या बाईने सायकल चालवावी का, यावर शेजारीपाजारी थोडी कुजबूज झालीच. होणारच! पण वाचणं आणि सायकल या दोन गोष्टींचं नातं फार जवळचं आहे, हे तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याने दाखवून दिलंय. तिथे १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोठी मोहीम झाली. शीला राणी चुंकत या तिथल्या जिल्हाधिकारी. अक्षरं शिकवता शिकवता बायकांना सायकलही शिकवायची, असं या मोहिमेत ठरलं. शेतात राबणाऱ्या, खाणीत दगड फोडणाऱ्या, बालवाडी चालवणाऱ्या हजारो बायका सायकल शिकल्या. बसची वाट बघणं संपलं, पाणी आणणं सोपं झालं, बाजाराला स्वतः जाता येऊ लागलं. अक्षर कळलं की पाटी वाचता येते आणि सायकल आली की त्या पाटीपर्यंत पोचता येतं. दोन्ही मिळून बाईचं जग चार रस्त्यांच्या बाहेर जातं.

पेठांची नावं म्हणजे जुना नकाशा

करमाळा हे निंबाळकरांचं गाव. रावरंभा निंबाळकर हे निजामाच्या पदरचे सरदार. त्यांनी अठराव्या शतकात इथे किल्ला बांधायला घेतला आणि मुलाने तो पुरा केला. हा भुईकोट किल्ला केवढा? तर पाव चौरस मैलाचा! आत शंभरेक घरं होती आणि मामलेदार कचेरीही तिथेच होती, अशी इंग्रजांच्या काळच्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. डोंगरावरचा किल्ला मान वर करून बघावा लागतो. इथला किल्ला मात्र गावातच मिसळून गेलाय. सायकलीवरून जाताना अचानक एखादा बुरूज आडवा येतो, तटाला टेकून कुणाची तरी पानटपरी असते आणि बुरजावर वाढलेल्या पिंपळाखाली म्हातारी माणसं बसलेली असतात.

पेठांची नावं वाचावीत. दत्त पेठ, वेताळ पेठ ही देवादिकांवरून आलेली. पण ‘राशीन पेठ’ का बरं? राशीन हे इथून पश्चिमेकडचं, कर्जत तालुक्यातलं देवीचं गाव. रेल्वे येण्याआधी करमाळा ही चांगली भरभराटीची व्यापारपेठ होती. बालाघाटाकडून पुण्याकडे आणि नगरहून सोलापूरकडे जाणारा माल इथून जायचा. बैलांच्या पाठीवरून धान्य, तेल, कापड यायचं. १८६० च्या सुमारास सोलापूरपर्यंत लोहमार्ग झाला तो दक्षिणेला जेऊरवरून. आणि व्यापाराने रुळांची वाट धरली. १९०१ च्या शिरगणतीत गावाची वस्ती सात हजारांच्या थोडी वर भरली होती. व्यापार गेला, पण पेठेचं नाव राहिलं. लग्नानंतर माहेरचं नाव जसं हळूच कुठेतरी जपून ठेवलेलं असतं ना, तसंच हे.

बाजाराच्या रस्त्यावर वेगळीच गंमत. दुकानांवर मराठी पाट्या असाव्यात म्हणून २०२२ मध्ये राज्याला कायद्यात दुरुस्ती करावी लागली. करमाळ्यासारख्या गावात त्याची गरजच नव्हती. इथे पाटी देवनागरीतच. फक्त शब्द बघा : मॅचिंग सेंटर, लेडीज शॉपी, किराणा अँड जनरल स्टोअर्स! कुठे ‘जेवण’चं ‘जेवन’ झालेलं असतं. शहरातली माणसं त्याला हसतात. आपण हसू नये. पेंटर जसं बोलतो तसं लिहितो, इतकंच. आणि हाताने रंगवलेल्या पाट्या आता थोड्याच उरल्यात. जिथे आहेत तिथे कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरची सही असते, चित्रकाराने चित्राखाली करावी तशी. फ्लेक्सच्या फलकावर अशी सही शोधूनही सापडत नाही.

दगड, नंबर आणि बदललेली नावं

गावाबाहेर पडलं की मैलाचे दगड बोलायला लागतात. ‘मैलाचे’ म्हणायचं आपली सवय, आकडे किलोमीटरचेच. पण त्यांचा रंग तुम्ही कधी पाहिलाय? माथा पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्य महामार्ग, निळा किंवा काळा असला तर जिल्ह्याचा रस्ता आणि नारिंगी असला तर ग्रामसडक योजनेतला खेड्याचा रस्ता. मुलांना प्रवासात ही गंमत सांगा, ‘‘आई, कधी येणार?’’ हा प्रश्न तासभर तरी बंद होतो!

तसंच गाड्यांच्या नंबरांचं. इथल्या गाड्यांवर एमएच ४५ दिसतं, ते अकलूजच्या कार्यालयाचं. १३ म्हणजे सोलापूर, १६ नगर, २५ धाराशिव, २३ बीड, ४२ बारामती. आठवडी बाजाराच्या दिवशी स्टँडजवळ पाच मिनिटं सायकल टेकवून उभं राहिलं, की या गावाचे सोयरेधायरे कुठकुठले आहेत ते कळतं. जिल्हा सोलापूर असला तरी येणंजाणं नगर, बीड, धाराशिव, पुणे या चारी दिशांना. माणसाची उठबस जिल्ह्याच्या रेघेने थोडीच ठरते!

नावं मात्र बदलताहेत. उस्मानाबादचं २०२३ मध्ये धाराशिव झालं, अहमदनगरचं २०२४ मध्ये अहिल्यानगर. जुन्या बायका अजून ‘नगरला जाते’ असंच म्हणतात. पाटीवरचं नाव एका दिवसात बदलता येतं. जिभेवरचं बदलायला एक पिढी लागते.

सगळ्या वाटा पाण्याकडे

तुमच्या गावात रोज दिसणाऱ्या दहा पाट्या आठवा बघू. त्यातल्या पाण्याच्या किती? करमाळ्याच्या परिसरात तुम्हाला वाट्टेल त्या रस्त्याला लागा, पाणी हा शब्द वाचल्याशिवाय मैलभरही जाता येत नाही. ‘बोअर मारून मिळेल.’ ‘पाणी पाहून मिळेल.’ ‘विहिरीचे खोदकाम, क्रेन भाड्याने मिळेल.’ ‘ठिबकचे सर्व साहित्य.’ टँकरच्या पाठीवर ‘पिण्याचे पाणी’. चौकात जारच्या पाण्याची जाहिरात. आणि उन्हाळा लागला की दुकानासमोर लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण आणि वर पाटी : ‘पाणपोई’.

‘पाणी पाहून मिळेल’ हे मला नवीन होतं. हातात नारळ किंवा झाडाची दुबेळकी फांदी घेऊन शेतात फिरतात आणि ‘इथं घ्या बोअर’ म्हणून सांगतात. यावर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण पैसे घालण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. आपला हा सगळा काळा कातळ. त्यात पाणी सगळीकडे सारखं भरलेलं नसतं. भेगा आणि सांधे असतील तिथेच साठतं. म्हणून एका बांधावर पाणी लागतं आणि पलीकडच्या बांधावर तीनशे फुटांवरही धूळच येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे सरकारी खातं याच कामासाठी आहे. शेतीवाल्या घरातल्या बायकांनी हे जरूर लक्षात ठेवावं. कारण बोअर फेल गेला की आधी मोडतो तो बाईच्या अंगावरचा दागिना.

गावात पूर्वी पाणी कसं येत असे? गावाच्या दक्षिणेला पाऊण मैलावर झऱ्यांच्या विहिरी होत्या. त्यांचं पाणी पाटाने गावापर्यंत आणलेलं होतं आणि वाटेत ठिकठिकाणी ते काढून घेण्यासाठी हौदविहिरी केलेल्या होत्या. ही नोंदही गॅझेटियरमधलीच. आज शहराला पाणी येतं ते दहिगावहून, उजनी धरणाच्या फुगवट्यातून. १९८० मध्ये टेंभुर्णीजवळ भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं. पाणी मागे इथपर्यंत तुंबलं आणि काठावरची गावंच्या गावं उठली. भीमेकडच्या रस्त्यांवर ‘पुनर्वसित गावठाण’ असे शब्द वाचायला मिळतात. पाटीवर एक शब्द. पण त्या एका शब्दात चुली मोडलेल्या, देव उचलून आणलेले, शेजार तुटलेले, सगळं आहे. आणि त्याच पाण्यावर आज कंदर-जेऊरकडच्या माळावर केळी पिकते, उसाच्या मोळ्यांनी भरलेले ट्रॅक्टर ‘आदिनाथ’, ‘मकाई’ या कारखान्यांची नावं मिरवत जातात. एकाच पाण्याने एकाचं घर बुडवलं आणि दुसऱ्याचं भरलं. गावातल्या बायकांशी बोलताना हे ध्यानात ठेवायला लागतं. ‘‘तुमचं मूळ गाव कुठलं?’’ हा साधा प्रश्नही कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आणतो.

देवीच्या माळावर

करमाळ्याची खरी पाटी म्हणजे देवीच्या माळावरच्या दीपमाळा. गावापासून सायकलीवर दहा मिनिटांची वाट; पण दीपमाळा कितीतरी आधीपासून दिसतात. रावरंभांनी बांधलेलं हे कमलाभवानीचं देऊळ. तुळजापूरच्या भवानीचंच हे ठाणं, असं इथले लोक मानतात. गोपुरं दक्षिणी वळणाची, आत प्रशस्त अंगण आणि चारी बाजूंना ओवऱ्या. इथे शहाण्णव या आकड्याचं फार प्रस्थ. शहाण्णव खांब, शहाण्णव ओवऱ्या आणि शहाण्णव पायऱ्यांची बारव असं लोक कौतुकाने सांगतात. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवीच्या सकाळी मात्र शांत वाटतं.

त्या बारवेच्या काठावर उभं राहून मी विचार करत होते. इतक्या पायऱ्या कशासाठी? तर पाणी जसं खोल जाईल तसं माणसाला खाली उतरता यावं म्हणून. माणसाला म्हणजे बहुतेक वेळा बाईलाच. भरल्या घागरीने वर यायचं तिला. पावसाळ्यात दहा पायऱ्या, हिवाळ्यात तीस, उन्हाळ्यात सत्तर. पाण्याची पातळी मोजायचं याहून चोख माप कुठलं? आणि ते माप तिच्या पायांत होतं.

देवीच्या नावाचा गावावर केवढा पगडा आहे तो मग पाट्यांवर दिसायला लागतो. कमलाई, कमलाभवानी, जगदंबा : किराणा, हार्डवेअर, मंगल कार्यालय, रसवंती, रिक्षा, सगळीकडे आई. बाईचं नाव इतक्या पाट्यांवर असलेलं गाव म्हणून मी कौतुकाने मोजायला लागले. आणि मोजता मोजता थबकले.

पण बाईचं नाव कुठाय?

देवीचं नाव सगळ्या पाट्यांवर. पण घरातल्या, दुकानातल्या, शेतातल्या बाईचं? एक वही केली आणि महिनाभर लिहीत गेले.

दारांवरच्या पाट्यांवर बहुतेक ठिकाणी यजमानांचं नाव. क्वचित खाली मुलाचं. काही घरांवर ‘मातृछाया’ किंवा ‘आईची पुण्याई’. म्हणजे आई आहे, तिचं नाव नाही. गल्लीबोळांत छोटे पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे फलक लटकलेले असतात : ‘पिको-फॉल करून मिळेल’, ‘ब्लाऊज शिवून मिळतील’, ‘पुरणपोळी, शेंगाचटणी ऑर्डरप्रमाणे मिळेल’, ‘घरगुती डबा’. हा सगळा धंदा बायकांचा. दिवसाचे आठ-दहा तास त्या मशीनवर नाही तर चुलीपुढे असतात. पण पाटीवर काम आहे, फोन नंबर आहे, करणारीचं नाव नाही! समोरचा साधा पंक्चरवाला मात्र आपलं नाव ठळक लिहितो, खाली ‘प्रो. प्रा.’सुद्धा.

बाईचं पूर्ण नाव ठळक अक्षरांत सापडलं ते कुठे सांगू? पाणपोईवर आणि देवळातल्या बाकावर. ‘कै. सौ. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ.’ जिवंतपणी जिचं नाव दारावर लागलं नाही, तिचं ती गेल्यावर लागतं! लेकरांच्या मायेनेच लावलेलं असतं, त्यात खोट नाही. पण ती असताना लावलं असतं तर तिने ते येता-जाता वाचलं तरी असतं.

१९७२ च्या दुष्काळाचं इथल्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात. सोलापूर, नगर, बीड या सगळ्या पट्ट्यात दुष्काळी कामं निघाली, रस्ते झाले, पाझर तलाव झाले. बायका तान्ही पोरं झाडाखाली निजवून खडी फोडायच्या आणि सुकडीवर दिवस काढायच्या. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला आणि साऱ्या देशाने तो गिरवला. पण कोनशिला कुणाच्या? उद्घाटन करणाऱ्यांच्या. खडी फोडणारीच्या नावाचा एक दगड मला कुठे दिसला नाही.

मग सगळं अंधारलेलंच आहे का? नाही, बरं का! ग्रामपंचायतीच्या कचेरीत आजवरच्या सरपंचांची नावं लिहिलेला फलक असतो. मी पाहिले त्या फलकांवर वरच्या ओळींत सगळे पुरुष. १९९३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या. त्या फलकावर खाली खाली येताना बायकांची नावं दिसायला लागतात, आणि हा कायद्याचा परिणाम आपल्याला बोट ठेवून वाचता येतो. कुणी म्हणेल, नाव तिचं आणि कारभार नवऱ्याचा. असेलही काही ठिकाणी. पण फलकावर लिहिलेलं नाव शाळेत जाता-येता मुली वाचतात. त्यांना थोडंच ठाऊक असतं मागे कोण बसलंय! त्यांना एवढंच कळतं, की या फलकावर आपलंही नाव लागू शकतं. बचत गटांच्या पाट्यांचंही तेच.

आणि आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्य सरकारने ठरवलाय. उद्याच्या पाट्यांवर तो उतरेलच.

कुंकवाचं गाव

हे लिहिताना केमला विसरून चालायचं नाही. केम हे करमाळा तालुक्यातलंच गाव, दक्षिणेकडे रेल्वेवर. तिथपर्यंत सायकल नव्हे, वाहनच हवं. जेऊर आणि केम या दोन्ही स्टेशनांवर पिवळ्या फलकावर काळ्या अक्षरांत नाव आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. जेऊर म्हणजे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ करणारे नागराज मंजुळे यांचं गाव. पडद्यावरचा तो माळ इथलाच. आणि केम म्हणजे कुंकू. पंढरपूर-तुळजापूरच्या दुकानांत मिळणारं कुंकू केमहून येतं. हळदीच्या पिवळ्याचं कुंकवाचं लाल कसं होतं? जुन्या रीतीत हळकुंडांना टाकणखार आणि लिंबाच्या रसाची प्रक्रिया करतात. हळद खाराशी आली की रंग पालटते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे आपण धुण्यावर पाहतोच. बाजारात नुसत्या रंगाची पूडही कुंकू म्हणून मिळते. कपाळाला खाज किंवा चट्टा आला तर ती ताबडतोब बंद करावी.

याच तालुक्याचं आणखी एक नातं कुंकवाशी आहे. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी, आपल्या पश्चात पत्नीचं कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत, असं लिहून दिलं आणि गावोगावी ही प्रथा बंद व्हावी म्हणून आग्रह धरला. त्यातून कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ज्या तालुक्यात कुंकू तयार होतं, तिथूनच ते पुसू नका असं सांगणारा माणूस निघावा, हे मला फार मोलाचं वाटतं. ठराव कागदावर होतो. तो घरात उतरवणं मात्र सासवा-सुनांच्या हातात आहे.

तुम्हीही करून पाहा

तुम्ही सोलापुरात असा, साताऱ्यात असा की अकोल्यात, हे कुठल्याही गावात करता येतं. चार गोष्टी तेवढ्या सांभाळा :

उन्हाळ्यात उजाडताच निघावं आणि नऊच्या आत घरात असावं. बाटलीत साखर-मीठ-लिंबाचं पाणी घ्यावं.

साडीवर सायकल चालवायची तर साखळीला पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला जाळी हवीच. पदर खोचून पिन लावावी. सलवारीच्या पायाला रबर लावलं तरी पुरतं.

सीटची उंची बघावी. पायडल खाली असताना टाच ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हावा. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात आणि आपण उगाच वयाला दोष देतो.

माळाच्या रस्त्यांवर वेड्या बाभळीचे काटे फार. पंक्चर होणारच. जवळचं पंक्चरचं दुकान आधी पाहून ठेवावं.

बरोबर एक छोटी वही असू द्यावी. रोज पाच पाट्या लिहाव्यात : कुठल्या, कुणी लावल्या, कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही. महिनाभराने वही उघडून बघा. गावाची अशी ओळख कुठल्या पुस्तकात मिळायची नाही.

आणि फिरून आल्यावर आपल्या दारावरची पाटीही एकदा वाचावी. तिच्यावर दुसरं नाव लिहायला पेंटर फार पैसे घेत नाही.